ट्रॅक्टरमधील रिले व विजेचा उलट दाब

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वापसा आला म्हणजे भोकर तालुक्यातील सोयाबीन व कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास एकेक दिवस मोलाचा असतो. अशा वेळी विजेच्या क्षुल्लक बिघाडाने ट्रॅक्टर अडून राहिल्यास पेरणी लांबते. यांपैकी एक बिघाड रिलेच्या कॉईलमुळे उद्भवतो व तो अल्प खर्चात टाळता येतो.

लहान प्रवाहाच्या साहाय्याने मोठा प्रवाह चालू व बंद करणारे साधन म्हणजे रिले होय. भोंगा व जादा दिवे यांसाठी तो वापरतात. त्यातील कॉईल म्हणजे बारीक तारेचे वेटोळे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तीतून सुमारे ०.१५ अँपिअर प्रवाह वाहतो. बटण बंद करताच हा प्रवाह तुटतो. परंतु कॉईलमध्ये साठलेली चुंबकीय शक्ती तो चालू ठेवू पाहते. चालू पंपाची झडप एकाएकी बंद केल्यास नळास जसा हादरा बसतो, तद्वतच येथे क्षणभर शेकडो व्होल्टचा उलट दाब उत्पन्न होतो. बटणात ठिणगी पडून त्याची टोके हळूहळू जळतात.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराविषयीचे कडक नियम लागू झाले व अशा इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले. हे महागडे भाग अशा दाबाने निकामी होऊ शकतात. म्हणून त्यांवर बाहेरून रिले जोडण्यापूर्वी विक्रेत्याचा सल्ला घ्यावा.

उपाय सोपा आहे. कॉईलच्या दोन टोकांमध्ये '१एन४००७' जातीचा डायोड जोडावा. त्यावरील पट्टीचे टोक कॉईलच्या धन बाजूस असावे. मग हा प्रवाह कॉईल व डायोड यांमध्येच फिरून विरतो. डायोड उलटा बसल्यास मात्र बटण दाबताच शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. फ्यूज नसल्यास वायर जळते. डायोडऐवजी ६८० ओहमचा रोधही चालतो. त्यास उलटसुलट बाजू नसते; परंतु दाब सुमारे १०० व्होल्टपर्यंत चढतो.

काही रिलेंत डायोड वा रोध मुळातच बसविलेला असतो. वरील आकृती पाहून खात्री करावी. डायोड असलेल्या रिलेच्या ८५ व ८६ क्रमांकाच्या वायरी अदलाबदल करू नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी पेरणीपूर्वीच जाणकार कारागिराकडून करवून घेण्यास शेतकरी बंधूंना सुचवावे. कामापूर्वी बॅटरीची ऋण वायर प्रथम सोडवावी.