लक्षद्वीपचे पी. एम. सईद : राखीव जागा, दहा विजय आणि ७१ मते

राखीव जागेवरून निवडून आलेला खासदार नेमका कोणाला उत्तर देतो? समाजाला, पक्षाला की इतर मतदारांना? आंबेडकरी चळवळीत हा प्रश्न १९३२ पासून विचारला जात आहे. अरबी समुद्रातल्या लक्षद्वीपच्या एका खासदाराची कारकीर्द त्यावर वेगळा प्रकाश टाकते.

लक्षद्वीप हा अवघ्या ३२ चौरस किलोमीटरचा केंद्रशासित प्रदेश. एकूण ३६ बेटे, त्यांपैकी १० बेटांवर वस्ती. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ६४ हजार. बहुतेक सगळे मुस्लीम, आणि जवळपास ९५ टक्के लोक अनुसूचित जमातीचे. आई-वडील दोघेही या बेटांवर जन्मलेल्या मूळ रहिवाशांना हा दर्जा आहे. धर्माची अट नाही. अनुसूचित जातींचे तसे नाही. १९५० च्या आदेशात मुख्यतः हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

येथे विधानसभा नाही. कारभार राष्ट्रपतींनी नेमलेला प्रशासक पाहतो. त्यामुळे कायदेमंडळात बेटांचा लोकनियुक्त आवाज एकच, लोकसभेतला खासदार. ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. सुरुवातीला येथील खासदार नामनियुक्त असे, थेट निवडणूक १९६७ मध्ये झाली. ती जिंकली आंद्रोत बेटाचे पी. एम. सईद यांनी, वयाच्या पंचविशीत. १९९९ पर्यंत ते सलग दहा वेळा निवडून आले. केंद्रात राज्यमंत्री झाले, गृह तसेच माहिती व प्रसारण ही खाती सांभाळली. वाजपेयी सरकारच्या काळात काँग्रेसचे खासदार असूनही ते लोकसभेचे उपाध्यक्ष होते.

मग २००४ साल आले. सईद ७१ मतांनी हरले. ३७ वर्षांची खासदारकी एका वाडीतल्या मतदारांइतक्या फरकाने गेली. पण पुढे काय झाले ते पाहा. पक्षाने त्यांना केंद्रात ऊर्जामंत्री केले आणि दिल्लीतून राज्यसभेवर पाठवले. बेटावरच्या लोकांनी घरी बसवलेला नेता पक्षश्रेष्ठींनी मंत्रिमंडळात बसवला. मंत्रिपदावर असतानाच डिसेंबर २००५ मध्ये सोल येथे त्यांचे निधन झाले.

या दोन घटनांमध्येच प्रतिनिधित्वाचे दोन प्रकार दिसतात. पहिल्यात लोक निवडतात आणि लोकच काढतात. दुसऱ्यात पक्ष देतो आणि पक्षच काढून घेतो.

बाबासाहेबांचा आग्रह पहिल्या प्रकारासाठी होता. अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांच्याच मतांवर निवडले जावेत, ही स्वतंत्र मतदारसंघाची मागणी ब्रिटिशांच्या जातीय निवाड्यात मान्य झाली. गांधीजींच्या येरवड्यातील उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. जागा वाढल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाकडे गेली. आज महाराष्ट्रात रामटेक, अमरावती, लातूर, सोलापूर आणि शिर्डी या पाच लोकसभा जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. एकाही ठिकाणी अनुसूचित जातींचे मतदार बहुसंख्य नाहीत. उमेदवार आपला असतो, पण तिकीट पक्षाचे आणि निर्णायक मते इतरांची असतात.

लक्षद्वीपचा मतदारसंघही कायद्याने संयुक्तच आहे. पण मतदार जवळपास सगळे त्याच समाजाचे असल्याने खासदाराला आपल्या लोकांकडे पाठ फिरवता येत नाही. म्हणून तेथे सगळे आदर्श आहे असे नाही. एकाच घरातली सत्ता तेथेही दिसते. सईद यांचे पुत्र हमदुल्ला सईद २००९ मध्ये निवडून आले. मात्र २०१४ आणि २०१९ मध्ये मतदारांनी त्यांना पाडले आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडले. वारसा मिळाला तरी हिशेब चुकत नाही.

आपली संख्या विखुरलेली आहे. लक्षद्वीपसारखी बहुसंख्या आपल्याला मिळणार नाही. म्हणूनच राखीव जागेचा उमेदवार ठरण्याआधी वस्तीवस्तीत त्याला प्रश्न विचारणे, सभागृहात तो काय बोलला याची नोंद ठेवणे आणि ती निवडणुकीत समाजापुढे मांडणे, ही कामे तरुणांनाच करावी लागतील. ७१ मते एका गल्लीत असतात. ती जागी असली, तर दहा वेळा जिंकलेल्या खासदारालाही उत्तर द्यावे लागते.

जय भीम.