विवेकी प्रीती : मिरज आणि सातारा

फिलिप्पै येथील मंडळीस बंदिवासातून लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने अशी प्रार्थना केली आहे की, तिची प्रीती ज्ञानाने व विवेकाने उत्तरोत्तर वाढावी. म्हणजे ख्रिस्ती दृष्टीने प्रीती हा अभ्यासाने जोपासावयाचा गुण होय. या अभ्यासाचे मिरजेस दिसलेले रूप मला तरी अनेक प्रवचनांहून बोधप्रद वाटते. १८८९ साली हिंदुस्थानात आलेल्या डॉक्टर विल्यम वानलेस यांनी संस्थानी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभारले. परंतु रुग्णाविषयीची कळकळ शस्त्रक्रियेच्या कौशल्यावाचून पांगळी राहते आणि एकट्याचे कौशल्य त्याच्याबरोबरच संपते, हे जाणूनच की काय, त्यांनी एतद्देशीय तरुणांस वैद्यक शिकविण्याचीही तजवीज केली. अशाच विवेकी प्रीतीचे दुसरे रूप साताऱ्यास दिसले; तेथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला व बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यात स्थान दिले. हे औदार्य अनुभवाचे असावे; कारण १८९५ च्या धर्मांतरानंतर पत्नी लक्ष्मीबाईंचा वियोग त्यांनी काही वर्षे सोसला होता, आणि लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या १९०० साली, स्वतःच्या विचाराने.