गोदी तीच, काम नवं

मुंबई बंदरातली गोदी ज्या कामासाठी बांधली जाते, त्याच कामावर ती क्वचितच टिकते. कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली ससून गोदी आज मासळीवर चालते. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन गोद्या बुजवून तिथे कंटेनरचं आवार केलं गेलं. आणि सागवानी जहाजांसाठी खणलेल्या सुक्या गोदीचा ताबा आता नौदलाकडे आहे.

ही सुकी गोदी यांतली सर्वांत जुनी, १७५० सालची. तिच्याआधी सुमारे पंधरा वर्षं ईस्ट इंडिया कंपनीने लवजी नसरवानजी वाडिया या पारशी कारागिराला सुरतेहून मुंबईत आणलं होतं. गोदीची रीत अशी : भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीबरोबर पाणी उतरू द्यायचं, दरवाजा लावायचा आणि उरलेलं पाणी उपसायचं. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून जास्त असतो, त्यामुळे बरंचसं पाणी आपसूक जातं. जहाज ठोकळ्यांवर टेकलं की एरवी पाण्याखाली असलेला तळ सुताराच्या हाताशी येतो.

वाडियांची खरी ताकद म्हणजे मलबारचा साग. त्यात अंगचं तेल असतं, म्हणून तो लवकर कुजत नाही. नव्या जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकायचा, मगच पुढचं काम, असा त्यांचा रिवाज. १८१३ मध्ये इथे बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर १८४२ साली पहिल्या अफू युद्धाचा शेवट करणारा नानकिंगचा तह झाला. १८१७ ची ‘त्रिंकोमाली’ तर इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे अजून पाण्यावर आहे. तिच्यावर संग्रहालय चालतं.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि वाफेची जहाजं थेट मुंबई गाठू लागली. कुलाब्याला आल्बर्ट ससूनने समुद्रात भराव टाकून १८७५ मध्ये गोदी बांधली. दोन वर्षं आधी स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टने ती पुढे विकत घेतली आणि १८८० मध्ये स्वतःची प्रिन्सेस गोदी सुरू केली. तिचं खोदकाम चालू असताना चिखलात शेकडो झाडांचे बुंधे सापडले, कित्येक तर मुळांवर उभेच. समुद्राखाली गेलेलं ते खैराचं रान होतं.

या गोद्या चालल्या त्या माणसांच्या खांद्यांवर. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी टोळीने काम करत. टोळीवाला सांगेल त्याला काम, बाकीचे फाटकावरून परत. जहाज लागलं नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडाली.

या कामात जिवाचीही शाश्वती नव्हती. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाने पेट घेतला. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि सोनं असा माल एकत्र होता. आग विझवायला गेलेल्या अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान दोन स्फोटांत गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. जहाजातल्या सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना सापडत राहिल्या.

रोजच्या अनिश्चिततेवर इलाज निघाला तो कामगार संघटनेच्या लढ्यांतून. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला आणि पुढे मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. टोळीवाल्याच्या मर्जीच्या जागी नोंदणी आणि पाळी आली. काम नसलेल्या दिवसाचेही काही पैसे मिळू लागले. मात्र १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झालं. कंटेनर आले तशी पोती आणि गाठी उचलणाऱ्या हातांची गरज घटत गेली.

ससून गोदीत मात्र अजून हातांवाचून पान हलत नाही. पहाटे ट्रॉलर धक्क्याला लागतात, तांडेल माल मोजून देतो आणि खलाशी टोपल्या वर फेकतात. पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे ढीग लागायच्या आत बोली सुरू होते. कोळणी भाव पाडून माल उचलतात. बर्फाच्या लाद्या फोडून चुरा डब्यांत आणि पेट्यांत ओतला जातो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत जाळी दुरुस्त होतात, होड्यांना रंग लागतो.

आतल्या शेडमध्ये बायका ओळीने बसून कोळंबी सोलतात. अंगठ्याने डोकं मोडायचं, कवच ओढायचं, पाठीवरचा काळा दोरा काढायचा. बर्फाच्या पाण्यात बोटं बधिर होतात, कवचाच्या काट्यांनी चिरतात. मजुरी सोललेल्या मालाच्या हिशेबाने. होड्या आल्या तर काम, नाहीतर बसून राहायचं. १९४८ च्या कायद्याने गोदी कामगाराला जी नोंदणी आणि रिकाम्या दिवसाची भरपाई दिली, ती या शेडपर्यंत आलेली नाही.