बंदुकीचा कुत्रा, बांधाचा राखणदार

शिकारी कुत्रा म्हटले की सशामागे वाऱ्यासारखे धावणारे किंवा रानडुकराला घेरून भुंकणारे जनावर डोळ्यांसमोर येते. परंतु इंग्लंड-स्कॉटलंडमधील पक्ष्यांच्या शिकारीतून घडत गेलेला ‘गनडॉग’, म्हणजे बंदुकीच्या जोडीने काम करणारा कुत्रा, या चित्रापेक्षा पुष्कळच वेगळा आहे. त्याने स्वतः शिकार करावयाची नसते. पॉइंटर जातीचा कुत्रा दडलेल्या पक्ष्याचा वास लागताच त्या दिशेला नाक रोखून दगडासारखा उभा राहतो, स्पॅनियल झुडपात शिरून पक्षी उठवतो, आणि लॅब्रॅडोरसारखा रिट्रीव्हर बार होईपर्यंत धन्याच्या पायाशी बसून राहतो, पक्षी कोठे पडला ते नजरेने टिपतो आणि हुकूम मिळाल्यावरच तो तोंडात अलगद धरून आणून हातात देतो. आज शहरोशहरी घरांत वाढणारे लॅब्रॅडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर हे मुळात याच कामाचे कुत्रे आहेत. लॅब्रॅडोरला ब्रिटनच्या केनेल क्लबने 1903 मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, तर गोल्डन रिट्रीव्हरची वंशावळ स्कॉटलंडमधील ग्विसाकन येथे 1868 मध्ये जन्मलेल्या पिल्लांपर्यंत मागे नेता येते. या सर्वांच्या शिक्षणाचे सार एकाच गुणात आहे आणि तो गुण म्हणजे धावण्याची अनावर इच्छा असतानाही थांबणे.

कोकणातील पारधीची रीत याच्या उलट होती. हाकारे घालून रान उठवायचे, गावठी कुत्री मोकळी सोडायची आणि त्यांच्या भुंकण्याच्या रोखाने बंदूकवाल्यांनी मोक्याच्या जागा धरायच्या, अशा या सामूहिक उद्योगात कुत्र्याच्या धावण्याला आणि धाडसाला मोल होते, त्याच्या संयमाला फारसे नव्हते. देशावरचे कारवान आणि मुधोळचे कुत्रे तर नजरेने शिकार करणारे, म्हणजे वास घेत माग काढण्याऐवजी पळते जनावर दिसताच वेगाच्या बळावर त्याला गाठणारे. मराठीनेही ही रीत शब्दांत जपली आहे: कुत्र्याला अंगावर सोडण्यासाठी ‘छू’ हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो, पण सुसाट सुटलेल्या कुत्र्याला जागच्या जागी थांबवणारा तितकाच सर्वपरिचित शब्द भाषेत सापडत नाही. अशा रीतीत वाढलेल्या प्रौढ कुत्र्याला नवे काम शिकवतानाची खरी अडचण नेमकी थांबण्याच्या या उणिवेत आहे.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत अर्धीच खरी आहे. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याची हाडे भरलेली असतात, स्वभाव उघड झालेला असतो आणि लक्ष एकाग्र करण्याची त्याची ताकद पिल्लापेक्षा जास्त असते, त्यामुळे नवे काम शिकण्यात वयाचा अडसर येत नाही. अडसर येतो तो आधी शिकलेल्या गोष्टींचा. रशियन शास्त्रज्ञ इवान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की एखादा शिकलेला प्रतिसाद बक्षीस थांबल्यावर मंदावत जातो, पण पुसला जात नाही, आणि काही काळाने तो आपोआप पुन्हा डोके वर काढतो. म्हणजे नवे शिक्षण ही जुन्या पाटीवर ओढलेली दुसरी रेघ असते, पाटी कोरी होत नाही. त्यातही पाठलागाची सवय विशेष चिवट असते, कारण तिचे बक्षीस धन्याच्या हातात नसते. धावण्याची झिंग हेच कुत्र्याला बक्षीस वाटते, आणि दहा वेळा हुकलेला ससा अकराव्या वेळी सापडला तर ती सवय सुटण्याऐवजी अधिकच पक्की होते, कारण अधूनमधून मिळणारे बक्षीस नेहमी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा वर्तनाला जास्त काळ धरून ठेवते.

म्हणूनच अनुभवी शिक्षक प्रौढ कुत्र्याला हाती घेताना आरंभी काही शिकवण्यापेक्षा एक गोष्ट बंद करण्यावर भर देतात. पंधरा-वीस हात लांबीची दोरी गळपट्ट्याला बांधलेली असल्याशिवाय कुत्रा घराबाहेर जात नाही, आणि हा नियम काही आठवडे एकदाही मोडला जात नाही, कारण एका संध्याकाळच्या मोकाट धावण्याने महिन्याभराची मेहनत वाया जाऊ शकते. या काळात ‘बस’, ‘थांब’ आणि ‘ये’ हे तीनच हुकूम रोज थोडा थोडा वेळ, कुत्रा कंटाळण्याच्या आत संपवून, घोटून घेतले जातात: आधी अंगणात, मग पाणंदीत, मग दुसऱ्या कुत्र्यांच्या देखत, आणि सर्वांत शेवटी कोंबड्यांच्या किंवा गुरांच्या जवळ. हुकमांना शिट्टीची जोड दिली जाते, कारण माणसाच्या आवाजात राग आणि घाई उतरते, शिट्टीत ती उतरत नाही. गनडॉगच्या जगात एक लांब शिट्टी म्हणजे ‘आहेस तिथे बस’ आणि लागोपाठच्या आखूड शिट्ट्या म्हणजे ‘परत ये’, असा संकेत रूढ आहे. परत आलेल्या कुत्र्याला, तो कितीही उशिरा आला तरी, मारू नये. ज्या हाताकडे आल्यावर मार मिळाला त्या हाताकडे पुढच्या खेपेस येण्याचे त्याला काहीच कारण उरत नाही.

आवाजाची भीती हा दुसरा मोठा प्रश्न. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुत्र्यांवरील ग्रंथात पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यांचा काळ त्याच्या पुढच्या वागण्यासाठी किती निर्णायक असतो हे मांडले. त्या काळात ज्या गोष्टींशी ओळख झाली नाही त्या पुढे परक्या आणि भीतिदायक वाटतात. त्यामुळे चतुर्थीच्या फटाक्यांना घाबरून माच्याखाली शिरणारा कुत्रा बंदुकीच्या बाराने एका दिवसात धीट होईल, ही अपेक्षा क्रूर आहे. दूर कोणीतरी डब्यावर हलकेच काठी मारावी आणि त्याच क्षणी कुत्र्यापुढे खाणे यावे, अंतर दिवसागणिक थोडेच कमी व्हावे, आणि कान पडले किंवा खाणे नाकारले की लगेच मागे सरावे, ही संथ वाटच उपयोगी पडते. काही कुत्र्यांची भीती तरीही जात नाही, आणि अशा कुत्र्याला या कामातून सोडवणे हेच त्याच्या हिताचे असते.

आणून देण्याचे काम शिकवताना प्रौढ कुत्र्याबाबत पूर्वीच्या शिक्षेची आठवण आड येते, कारण चपला पळवल्याबद्दल ओरडा खाल्लेला कुत्रा वस्तू तोंडात धरायलाच कचरतो. यासाठी वापरायच्या कॅनव्हासच्या नकली सावजाऐवजी कोकणात गोणपाटात गुंडाळलेले नारळाचे सोडणही चालते. ते हलके असते, पाण्यावर तरंगते आणि दातांना बोचत नाही. मात्र ते फेकताक्षणी कुत्र्याला सोडू नये. बहुतेक फेकी कुत्र्याला बसवून ठेवून धन्याने स्वतः उचलून आणाव्यात आणि एखाददुसरीच कुत्र्याच्या वाट्याला यावी, म्हणजे पडलेली प्रत्येक वस्तू आपल्यासाठीच नसते हे त्याला कळते.

हे सारे कणकवलीच्या वाचकाने जाणून घ्यावे याचे कारण मात्र शिकार नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, आणि या कायद्याने केलेल्या शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच पाठलाग करणे, हाकणे, फासात अडकवणे आणि तसा प्रयत्न करणे याही गोष्टी येतात; उभ्या पिकांचे नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांबाबत सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने मिळणारी सवलत हा अपवाद आहे. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील बंदुका अनेक घरांत दिसतात, पण त्या बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. दुसऱ्या बाजूला भाताच्या लोंब्या भरताना उतरणारी रानडुकरे आणि बागायतीत शिरणारे वानर ही फोंडाघाटाच्या पायथ्यापासून गड नदीच्या खोऱ्यापर्यंतच्या शेतकऱ्याची खरी विवंचना आहे. घाटमाथ्याला लागून गव्यांसाठी 1958 मध्ये राखीव झालेले दाजीपूरचे जंगल आहे, तेव्हा रान आणि शेत यांची शेजारपणाची कटकट येथे कायमचीच धरून चालले पाहिजे. माळ्यावर बसून डबे वाजवत रात्र काढणारी माणसे आता कमी होत आहेत, आणि त्यांच्या जागी फासकी किंवा विजेची तार येणे सर्वांत घातक आहे. अशा तारेला डुकराबरोबर बिबट्या, गुरे आणि माणसेही बळी पडतात.

या राखणीसाठी लागणारा कुत्रा आणि उत्तम गनडॉग यांत बंदूक सोडली तर फार थोडे अंतर आहे. वास लागताच सावध होणे, जागा न सोडता भुंकून वर्दी देणे आणि शिट्टीसरशी परतणे एवढेच त्याने करायचे असते. रानात घुसणे हे त्याचे काम नाही. प्रौढ गावठी कुत्रा यासाठी विशेष योग्य ठरतो, कारण वाडीतली माणसे, गुरे, पाऊस आणि चढउतार त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. शिकवताना वाऱ्याचा विचार केला तर काम सोपे होते. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि डोंगरउतारावरची गार हवाही खाली सरकते. म्हणून रान पूर्वेला असलेल्या शेतात कुत्र्याची रात्रीची जागा रानाच्या बाजूच्या बांधावरच असली पाहिजे असे नाही. शेताच्या पश्चिम अंगाला, घराजवळ, बसलेल्या कुत्र्याच्या नाकापर्यंतही डुकराचा वास पोचू शकतो, आणि तेथे तो सुरक्षितही राहतो.

सुरक्षिततेचा मुद्दा दुय्यम मानता येत नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला. रात्री मोकाट सोडलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाडीत येण्याचे आमंत्रणच होय. कोंडीत सापडलेल्या डुकराचे सुळे कुत्र्याचे पोट फाडतात. रानात भटकलेला कुत्रा गोचीड घेऊन घरी येतो, आणि 2016 पासून दोडामार्ग तालुक्यात गोचिडींवाटे पसरणाऱ्या माकडतापाने माणसे दगावलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गोचिडीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. उलट दिशेनेही धोका आहे, कारण लस न टोचलेला कुत्रा रेबीज आणि डिस्टेंपरसारखे रोग कोळसुंद्यांपर्यंत पोचवू शकतो. शेजारच्या गोव्याने व्यापक लसीकरणाच्या बळावर 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून मान्यता मिळवली, यावरून हे काम आवाक्यातले आहे हे स्पष्ट होते.

शिक्षणाला किती दिवस लागतील हे कुत्र्यागणिक बदलते, आणि पावलोव्ह यांचा इशारा लक्षात ठेवला तर जुनी सवय एखाद्या उत्तेजित क्षणी उसळून येणार हे गृहीतच धरावे लागते. तसे झाले की रागावण्याऐवजी पुन्हा दोरी बांधून चार पायऱ्या मागे जावे. वासाने सावध झालेला, अंगावरचे केस उभे राहिलेला कुत्रा अंधारात पहिल्या शिट्टीला बांधावरच बसला, आणि हे एकदा नव्हे तर सलग अनेक रात्री घडले, तरच तो राखणीला तयार झाला असे समजावे. तोपर्यंत त्याची दोरी सोडू नये.