याकुशिमाचे वृद्ध वृक्ष

जपानमधील क्युशू बेटाच्या दक्षिणेस सुमारे ६० किलोमीटरवर याकुशिमा नावाचे एक वाटोळे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस किलोमीटर. बेट लहान खरे. परंतु त्याच्या मध्यभागी उभे असलेले मियानोउरा शिखर १९३६ मीटर उंच आहे. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या डोंगरांना अडतात आणि विपुल पाऊस पडतो. पूर्व किनाऱ्यावर वर्षाकाठी ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. डोंगरांत तर त्याहूनही कितीतरी जास्त. किनाऱ्यालगत वडाच्या कुळातील झाडे दिसतात, तर हिवाळ्यात शिखरांवर बर्फ साचते!

या डोंगरांत ‘सुगी’ नावाचे सूचिपर्णी वृक्ष वाढतात. आपल्या सुगीच्या हंगामाशी या जपानी नावाचा काही संबंध नाही. येथील जमीन ग्रॅनाइट खडकाची. तिच्यावर मातीचा थर पातळ. त्यातील सत्त्वही पावसाने वाहून जाते. म्हणून सुगी अतिशय सावकाश वाढतो. त्याची वार्षिक वलये एकमेकांना चिकटून बसतात, लाकूड घट्ट होते आणि त्यात राळ भरपूर साठते. असे लाकूड सहसा कुजत नाही. म्हणजे गरिबीच या वृक्षांना दीर्घायुष्य देते! हजार वर्षे पूर्ण केलेल्या वृक्षालाच येथे ‘याकुसुगी’ म्हणतात.

परंतु हेच टिकाऊ लाकूड त्यांच्या जिवावर उठले. सतराव्या शतकापासून सात्सुमाच्या सरदारांना येथील लोक कर म्हणून लाकडी कौले देऊ लागले. सरळ खोडाला पाचर मारली की नीट फळ्या निघत; म्हणून सरळ वृक्ष प्रथम पडले. वेडेवाकडे, गाठाळलेले वृक्ष निरुपयोगी ठरले. आणि म्हणूनच वाचले. पुढे १९२३ मध्ये लाकूड वाहण्यासाठी डोंगरात छोटी आगगाडी आली. कोसुगिदानी हे लाकूडतोड्यांचे गाव १९७० मध्ये उठले. १९९३ मध्ये बेटाच्या काही भागाला जागतिक वारशाचा मान मिळाला.

आज प्रवासी त्याच जुन्या रुळांवरून चालत अरण्यात शिरतात. पहाटे निघावे, सुमारे आठ किलोमीटर रूळ तुडवावेत आणि मग चढण चढावी. वाटेत एका प्रचंड वृक्षाचे पोकळ खोड लागते. १९१४ मध्ये येथे आलेल्या विल्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव त्याला दिले आहे. अखेरीस ‘जोमोन सुगी’ दिसतो. हा वृक्ष १९६६ मध्ये प्रसिद्धीस आला. त्याची उंची सुमारे २५ मीटर असून बुंध्याचा घेर १६ मीटरांहून अधिक आहे. आतून तो पोकळ आहे, त्यामुळे त्याचे नेमके वय सांगता येत नाही; तरी तो दोन हजार वर्षांहून जुना असावा असे मानतात. जाऊन-येऊन हा प्रवास सुमारे २२ किलोमीटरांचा. त्यास दहा तास लागतात.

कुऱ्हाडीतून वाचलेल्या या वृक्षाला पुढे एक नवेच संकट भेडसावू लागले. ते म्हणजे त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांची पावले! हजारो लोक बुंध्याशी जाऊ लागले. माती तुडवली गेली, पावसाने ती वाहून नेली आणि मुळे उघडी पडली. म्हणून १९९६ मध्ये काही अंतरावर लाकडी मंच बांधण्यात आला. आता त्या मंचावरूनच वृक्षाचे दर्शन घ्यावे लागते.

मुलांनो, वृक्षाचे खोड आपल्याला दिसते, पण त्याचा जीव मुळांत असतो. म्हणून कोणत्याही अरण्यात जाल तेव्हा पायवाट सोडू नका. ज्याला वाढायला दोन हजार वर्षे लागली, त्याच्यापासून दहा पावले दूर उभे राहणे आपल्याला कठीण नाही.