पाटी वाचावी!

वडील चाकणला कारखान्यात कामगार. त्यांच्या ओव्हरटाइमच्या पैशांतून घरच्या संगणकाला नवे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे ठरले. दुकानदार म्हणाला, "जुना ४५० वॉटचा पॉवर सप्लाय चालेल."

वडील म्हणाले, "मोटर घेताना आम्ही पाटी वाचतो. तूही वाच."

वाचली. १२ व्होल्टला १८ अँपिअर. गुणाकार फक्त २१६ वॉट! आरटीएक्स ३०६० कार्डाला १७० आणि आय-५ १२४०० प्रोसेसरला कमाल ११७ वॉट लागतात. दोघांचा मुख्य भार या १२ व्होल्टवरच, बेरीज २८७. शिवाय कार्ड क्षणभर याहूनही जास्त ओढते. कंपनीची शिफारस ५५० वॉटची. १२ व्होल्टचा आकडा तपासून तेवढाच घेतला.

वाचकहो, आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण हा धडा सातवी शिकलेल्या वडिलांचा!