मोठं पाणी सोडतं कोण?

कायाकिंगच्या जगात नद्यांचे ढोबळ दोन वर्ग पडतात. एक अरुंद, खडकाळ, झपाट्यानं उतरणाऱ्या ओढ्यांचा. दुसरा रुंद पात्रांचा, जिथे खडक खोल बुडालेले असतात आणि पाण्याचं आकारमान हाच खरा प्रतिस्पर्धी असतो. या दुसऱ्या वर्गाला जगभर ‘बिग वॉटर’ म्हणतात. मी सरळ ‘मोठं पाणी’ म्हणणार आहे. डोंबिवलीकरानं या विषयात का पडावं, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या वाट्याला आली ती उल्हासची खाडी, भरती-ओहोटीची आणि गाळाची. पण महाराष्ट्रात उन्हाळ्यातही खळाळतं पाणी ज्या यंत्रणेमुळे मिळतं, तिचीच एक शाखा आमच्या नळापर्यंत येते. तिकडे जाण्याआधी हा खेळ समजून घेऊ.

पाणी मोजायचं एकक म्हणजे एका सेकंदात पात्रातून किती घनमीटर पाणी जातं ते. एक घनमीटर म्हणजे एक टन. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी ली व्हॅलीत कायाक स्लालमचा जो कृत्रिम प्रवाह बांधला, त्यातून सेकंदाला सुमारे १३ घनमीटर पाणी सोडतात. ते ३०० मीटर अंतरात साडेपाच मीटर उतरतं. आफ्रिकेतल्या झांबेझीचा व्हिक्टोरिया धबधब्यापाशी वर्षाचा सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे १००० घनमीटर आहे. म्हणजे दोन्हीकडे कायाक तीच, वल्हं तेच, माणूसही तेवढाच. पाणी मात्र पंचाहत्तर-ऐंशी पट. ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारा खेळाडू झांबेझीवर आपोआप तरबेज ठरत नाही, आणि झांबेझीवरचा वाटाड्या स्लालमच्या दांड्यांमधून चपळाईनं निघेलच असंही नाही.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. सेकंदाला २ मीटर वेगाचा प्रवाह आडव्या अडलेल्या वस्तूच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण २०० किलोच्या वजनाइतका रेटा देतो. ४ मीटर वेगाला तोच रेटा ८०० किलोंवर जातो. इथे दंडाच्या ताकदीचा प्रश्नच संपतो. ८०० किलो कोणी ढकलत नाही. म्हणून मोठ्या पाण्यातली स्पर्धा जोरात वल्हवण्याची आहे, असं मानणारा नवखा पहिल्याच लाटेत उलटतो. स्पर्धा असते ती पाणी जिथे चाललंय तिथे आधी पोचण्याची.

त्यासाठी पाणी वाचावं लागतं. नदी एखाद्या अडथळ्यावरून उतरताना मध्ये गुळगुळीत, गडद, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची पट्टी दिसते. तिला कायाकवाले जीभ म्हणतात. खोल आणि मोकळं पाणी तिथेच असतं. जिभेच्या टोकाशी उभ्या लाटांची रांग लागते. समुद्राची लाट पुढे सरकते आणि पाणी जागच्या जागी वरखाली होतं. नदीत याच्या बरोबर उलट, लाट जागेवर उभी असते आणि पाणी तिच्यातून धावतं. त्यामुळे लाटेच्या माथ्यावर मारलेलं वल्हं बऱ्याचदा हवेतच फिरतं. अनुभवी स्पर्धक चढताना अंग पुढे झुकवतो, माथा ओलांडताना तोल सांभाळतो आणि उतारावर वल्हं मारतो.

बुडालेल्या खडकावरून पाणी सरळ खाली कोसळलं की त्याचा पृष्ठभाग मागे, उगमाच्या दिशेनं वळतो. याला ‘होल’ म्हणतात. वरून नुसता फेस दिसतो, पण आत सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा तिथेच फिरत राहते. इथे एक गोष्ट पोहता येणाऱ्या माणसालाही चकवते. पाणी पांढरं दिसतं ते त्यात हवा मिसळलेली असते म्हणून. हवेनं फुगलेलं पाणी हलकं असतं; त्यात वल्ह्याला पकड मिळत नाही आणि लाइफ जॅकेटही नेहमीइतकं वर उचलत नाही. आमच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलातल्या तलावात वर्षानुवर्षं पोहणाऱ्याला पाण्याचा जो भरवसा वाटतो, तो निळ्या, दाट, स्थिर पाण्याचा आहे. फेसात तो कामी येत नाही.

आणि मग कडेचं उलटं पाणी, ‘एडी’. लहान नदीत एडी म्हणजे विसाव्याची जागा, रेल्वेच्या फलाटासारखी. मोठ्या पाण्यात मुख्य धार आणि एडी यांच्यामधली सीमा ही रेघ उरत नाही, ती एक भिंत होते. दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळ्याच वेगळ्या असतात आणि मधल्या पट्ट्यात भोवरे उठतात, फिरतात, विरतात. ते एका जागी नसतात, त्यामुळे काठावरून कितीही पाहणी केली तरी आपण पोचू तेव्हा भोवरा कुठे असेल हे सांगता येत नाही. ओढ्यात खडकात अडकण्याची भीती जास्त. मोठ्या पाण्यात खडक कमी लागतात, पण कायाकमधून बाहेर पडलेला माणूस काठाला लागेपर्यंत फार लांब वाहत जातो, आणि त्याची दमछाक होते ती प्रत्येक लाटेगणिक श्वास चुकत गेल्यानं. पाठीवर, पाय वर आणि पुढे ठेवून वाहायचं, श्वास दोन लाटांमधल्या खोलगट जागेत घ्यायचा, एडी दिसली की पालथं होऊन पोहायचं: हे स्पर्धेच्या आधी शिकवतात आणि ते शिकल्याशिवाय कोणी उतरू नये.

आता स्पर्धेचं स्वरूप. स्लालममध्ये एकेक जण घड्याळाविरुद्ध दांड्यांमधून जातो. ‘डाउनरिव्हर’ म्हणजे लांब पल्ल्याची सरळ शर्यत. ‘फ्रीस्टाइल’मध्ये एकाच लाटेवर कसरती. लोकांना सर्वांत आवडतो तो बोटर-क्रॉस. याचंच नियमबद्ध रूप, कायाक क्रॉस, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळलं गेलं. न्यूझीलंडचा फिन बुचर आणि ऑस्ट्रेलियाची नोएमी फॉक्स हे त्याचे पहिले विजेते. चार कायाक उंच फळीवरून एकदम पाण्यात घसरतात, ठरलेल्या फुग्यांना वळसे घालतात, काही वळसे प्रवाहाविरुद्ध असतात आणि एका ठिकाणी मुद्दाम उलटं होऊन पूर्ण गिरकी घेत वर यावं लागतं. धक्काबुक्की नियमात बसते. ही गिरकी, म्हणजे ‘रोल’, ऑलिंपिकमध्ये एक अट आहे. मोठ्या पाण्यात ती जगण्याची युक्ती आहे. लाटांच्या रांगेत उलटलेल्यानं लगेच धडपडायचं नसतं. छाती कायाकला चिकटवून क्षणभर थांबायचं आणि लाट सरली की वर यायचं. डोकं पाण्याखाली असताना थांबणं, हेच मला या सगळ्या खेळातलं सर्वांत अवघड कसब वाटतं.

भारतात या तोडीचं, सहज पोचता येण्याजोगं मोठं पाणी म्हणजे ऋषिकेशच्या वरची गंगा. तिथे कायाक महोत्सव भरतो. ब्यासीजवळच्या ‘द वॉल’ या धारेनं भल्याभल्यांना उलटवलं आहे. केरळात कोळिकोडजवळ ऐन पावसाळ्यात भरणारा मलबार नदी महोत्सव अधिक गाजतो, पण चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या नद्या पहिल्या वर्गातल्या, अरुंद आणि खडकाळ. मराठी माणसाला जवळचं वाटेल असं तिसरं ठिकाण म्हणजे महेश्वर. अहिल्याबाईंच्या घाटांपासून थोड्या अंतरावर सहस्रधारेशी नर्मदा काळ्या कातळावर फुटून असंख्य धारांनी वाहते. खेलो इंडिया युवा स्पर्धेतली कनू स्लालम २०२३ च्या फेब्रुवारीत तिथेच झाली.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे कुंडलिका. दिव्याहून रोह्याची गाडी धरली तर तिचा काठ डोंबिवलीकराला फार दूर नाही. कोलाडजवळ रावळज्यापासून खाली दहा-बारा किलोमीटरचा हा टप्पा. ‘मॉर्निंग हेडेक’, ‘राजधानी एक्स्प्रेस’ अशी तिथल्या धारांची नावं. अवघडपणाच्या एक ते सहा या आंतरराष्ट्रीय श्रेणीत ती दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर बसते. म्हणजे मोठ्या पाण्याची ही बालवाडी. पण पाण्याचा हिशेब मांडला तर गंमत दिसते. भिरा वीजगृहात पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून येतं. इतक्या उंचीवरून सेकंदाला एक घनमीटर पाणी पडलं की ढोबळमानानं ४ मेगावॉटहून थोडी जास्त वीज मिळते. मूळच्या १५० मेगावॉटच्या जनित्रांनी पूर्ण क्षमतेनं काम केलं, तर सेकंदाला ३५-३६ घनमीटर पाणी बाहेर पडतं. लंडनच्या ऑलिंपिक प्रवाहाच्या अडीचपटीहून जास्त! फरक उताराचा. लंडनला उतार ३०० मीटरांत कोंबलेला आहे, कुंडलिकेत तो कित्येक किलोमीटरभर पसरलेला.

हे पाणी कुंडलिकेचं नाहीच. ते मुळशीचं. सह्याद्रीच्या पूर्वेला पडून भीमेकडे जाणारं पाणी धरणात अडवून, बोगद्यातून आणि नळांतून कोकणात उतरवायचं, ही टाटांची योजना. खोपोलीचं वीजगृह १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. मुळशीच्या मावळ्यांनी या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले, तरी गावं आणि भातखाचरं बुडालीच. वीज तयार झाल्यावर खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं, भिऱ्याचं कुंडलिकेत आणि भिवपुरीचं उल्हास नदीत. कल्याण-डोंबिवली पालिका उल्हासचंच पाणी मोहिलीजवळ उचलते. तेव्हा कोलाडची लाट आणि माझ्या स्वयंपाकघरातला नळ ही एकाच घराण्यातली चुलतभावंडं आहेत.

या घराण्याचा स्वभाव स्पर्धकानं ओळखायला हवा. पावसाची नदी चढते-उतरते ती दिवसांच्या हिशेबानं. वीजगृहाची नदी तासांच्या. जलविद्युत लगेच सुरू आणि लगेच बंद करता येते, म्हणून ती मुख्यतः मागणी वाढेल तेव्हा वापरतात. पाणी सुटलं की जिथे खडकाळ पात्र होतं तिथे धार लागते, बंद झालं की पुन्हा खडक. कोलाडचं राफ्टिंग सकाळचं असतं ते याच कारणानं. ऋषिकेशलाही भागीरथीवरचं टिहरी धरण आहे, महेश्वरच्या वर ओंकारेश्वर आणि इंदिरासागर. प्रत्येक धारेची एक ठरावीक पातळी असते. त्याहून कमी पाण्यात ती खडकांचा चक्रव्यूह होते, जास्त पाण्यात बुडून सपाट होते. सकाळी पाहून ठेवलेली वाट दुपारच्या फेरीत तिथे नसू शकते. म्हणून आपल्या नद्यांवर स्पर्धा भरवणाऱ्यानं पंचांच्या आधी धरणाच्या नियंत्रण कक्षाशी बोललं पाहिजे, आणि फेऱ्यांचं वेळापत्रक त्यांच्या वेळेवर बेतलं पाहिजे. मला तर वाटतं की उद्याचा मराठी स्पर्धक मुंबई-ठाण्याच्या सुट्टीबाज मंडळींतून निघणार नाही. कोलाडला जी मुलं रोज सकाळी पर्यटकांच्या तराफ्याबरोबर उतरतात, त्यांच्यातूनच तो निघेल. हे पाणी त्यांना रोज मिळतं, आपल्याला रविवारी.

धरण नदीचा खेळ मारतं, हा जगभरचा अनुभव. युगांडात पांढऱ्या नाइलवरच्या नावाजलेल्या धारा २०१२ मध्ये बुजागाली आणि २०१९ मध्ये इसिंबा धरणाच्या फुगवट्याखाली गेल्या. झांबेझीवरचा बाटोका घळीतला प्रकल्प वर्षानुवर्षं टांगता आहे. तो झाला तर जगातली सर्वांत प्रसिद्ध मोठ्या पाण्याची वाट बुडेल. कोलाडला मात्र खेळ आहे तो धरण आहे म्हणूनच, आणि त्यामुळे तो धरणाइतकाच वादाच्या आवाक्यात आहे. भीमा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांची जुनी मागणी आहे की टाटांच्या धरणांचं पाणी कोकणात वळवू नये, पूर्वेकडे सोडावं. किती वळवायचं यावर कृष्णा पाणी तंटा लवादाची मर्यादा आहेच. सोलापूरकडच्या शेतकऱ्यासमोर उभं राहून ‘आमच्या लाटा राहू द्या’ असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण ही मागणी मान्य झाली तर उन्हाळ्यातली कुंडलिका सुकेल, रोह्याच्या कारखान्यांना पाणी शोधावं लागेल आणि उल्हासवर जगणारी बदलापूरपासून ठाण्यापर्यंतची शहरं, त्यात आमची डोंबिवलीही, बारवी धरणाकडे डोळे लावून बसतील. या वादाच्या चर्चेत वीज, शेती, पिण्याचं पाणी आणि उद्योग असे चार रकाने मांडले जातात. कोलाडच्या त्या मुलांसाठी पाचवा रकाना अजून कोणी आखलेला माझ्या पाहण्यात नाही.